डॅशबोर्डवर एकदम चार दिवे लागले? सेन्सर बदलण्याआधी अर्थिंग मोजा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या पार्किंगांमध्ये शिरलं. त्यात बुडालेल्या बऱ्याच गाड्या नंतर सुधारून पुन्हा रस्त्यावर आल्या. ऑइल बदललं, सीट उन्हात वाळल्या, कार्पेट धुतलं गेलं, कुबट वासही गेला. अशा गाड्यांची खरी कटकट काही महिन्यांनी सुरू होते. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, स्टिअरिंगचा दिवा, चेक इंजिन, कधी त्यात एअरबॅगचाही, सगळे एकत्र पेटतात. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की गायब. चार दिवसांनी खड्ड्यात चाक आपटलं की परत हजर.

गाडी पाण्यात गेलेली नसली तरी हे होऊ शकतं. पाच-सहा पावसाळे काढलेली गाडी, बॅटरी बदलताना घाईत आवळलेला टर्मिनल, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, बोनेट उघडून प्रेशरने मारलेलं पाणी, यांपैकी एकही कारण पुरतं.

एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकाच क्षणी लागले, तर तीन-चार पार्ट एकाच क्षणी मेले असं सहसा नसतं. त्या सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि सामाईक गोष्टी मुख्यतः दोन: बॅटरीकडून येणारा पुरवठा आणि अर्थ, म्हणजे अर्थिंग, करंटचा बॅटरीकडे परत जाणारा रस्ता. पुरवठ्याच्या बाजूला फ्यूज असतात, तिथलं बिघडलेलं लवकर सापडतं. अर्थच्या बाजूला फ्यूज नाही, रिले नाही. तिथे फक्त पत्र्याला आवळलेला एक बोल्ट असतो आणि तो वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. म्हणून माझा आग्रह इतकाच, की सेन्सर, मॉड्यूल (एकेका यंत्रणेचा छोटा संगणक) किंवा अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) पैसा घालण्याआधी अर्धा तास मल्टिमीटर धरा.

त्याआधी एक अपवाद. लाल ऑइलचा दिवा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'अर्थच खराब असेल' असं म्हणत गाडी पुढे दामटू नका. ब्रेकचा लाल दिवा लागला तर हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते आधी पाहा. या लेखातली तपासणी मुख्यतः पिवळ्या दिव्यांसाठी आणि बॅटरीच्या दिव्यासाठी आहे.

बिघाड नेमका कुठे होतो

बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडून साधारणपणे दोन जाड वायरी निघतात. एक जवळच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जाते. दुसरी इंजिनला किंवा गिअरबॉक्सला. काही गाड्यांत बॉडीपासून इंजिनपर्यंत वेगळी विणलेली पट्टी असते. इंजिनची वायर वेगळी लागते, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटर दोघांचाही परतीचा रस्ता इंजिनच्या अंगातूनच असतो. ही पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो: क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, गिअरची केबल. स्टार्टर मारल्यावर जुन्या गाडीची एखादी केबल गरम लागली किंवा तिचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, तर पुढे काही मोजायची गरजच नाही.

आता थोडा हिशेब. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर सहज १५० अँपिअर खेचतो. अर्थच्या जोडात फक्त ०.०१ ओहम रोध आला, तरी १५० गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. बॅटरी आधीच जरा थकलेली असेल तर स्टार्ट करताना मॉड्यूलांच्या वाट्याला नऊ-दहा व्होल्टच येतात, आणि त्याच्या आसपास एबीएससारखी युनिट 'व्होल्टेज कमी आहे' म्हणून काम थांबवतात व दिवा लावतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. पार्किंगमध्ये गाडी उभ्या उभ्या वळवताना त्याची मोटर कित्येक अँपिअर घेते. म्हणून खराब अर्थ असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा दिवा हायवेवर न लागता दांडिया बाजारात जागा शोधताना लागतो.

न्हाणीची जाळी अर्धी तुंबली असली तरी नळ बारीक असेपर्यंत काही कळत नाही, बादली ओतली की पाणी घोट्यापर्यंत चढतं. अर्थचा दोषसुद्धा असाच भार पडल्यावर दिसतो, आणि पुढची सगळी तपासणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

दुसरा प्रकार जास्त फसवा. ज्या सेन्सरचा अर्थ इंजिनच्या अंगाला आहे आणि इसीएमचा, म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलचा, अर्थ बॉडीला, तिथे इंजिन आणि बॉडीमधला फरक थेट रीडिंगमध्ये मिसळतो. ऑक्सिजन सेन्सरचा नेहमीचा सिग्नलच ०.१ ते ०.९ व्होल्टच्या घरात असतो. त्यात ०.३ व्होल्टची भेसळ झाली की इसीएमला हवा-इंधनाचं मिश्रण चुकलेलं दिसतं. मग स्कॅनर सेन्सरचं नाव दाखवतो, सेन्सर बदलला जातो, आणि आठवड्याने दिवा परत लागतो.

मॉड्यूलांची आपसातली बोलणी कॅन नावाच्या दोन वायरींवर चालतात. त्या बऱ्यापैकी सोशिक असतात. अर्थमधला थोडाफार फरक त्या पचवतात. पण युनिटचा स्वतःचा अर्थ सुटला की ते क्षणभर बंद पडतं, आणि बाकीची युनिट 'अमुक बोलत नाही' अशी तक्रार नोंदवतात. स्कॅनरवर 'यू' ने सुरू होणाऱ्या दोषकोडांची रांग अशी तयार होते.

हत्यार न उचलता काय ओळखता येतं

संध्याकाळी गाडीमागे एकाला उभं करा आणि एकेक दिवा लावत जा. पार्किंग लाइट, मग ब्रेक, मग इंडिकेटर, मग रिव्हर्स. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतोय, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवाही लुकलुकतोय, असं दिसलं तर त्या बाजूच्या मागच्या दिव्यांचा अर्थ गेलाय हे जवळपास नक्की. करंटला बॉडीतून परत जाता येत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून उलटा वाट काढतो. ही खूण साध्या बल्बच्या दिव्यांत स्पष्ट दिसते. एलईडी दिव्यांत इतकी भरवशाची नाही.

तसंच हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम हलले, तर मीटरचा अर्थ संशयित. हॉर्न वाजवला की मीटर मंद होणं, इंडिकेटर लावला की म्युझिक सिस्टिममध्ये टकटक येणं, दार आपटल्यावर दिवा जाणं-येणं, हीही त्याच कुळातली लक्षणं. याउलट एकच दिवा, कायम, एकाच ठराविक कोडसह लागत असेल तर बहुधा तो भागच बिघडलेला असतो. त्यातही एकट्या एअरबॅगच्या दिव्यामागे स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगला जोडलेली गुंडाळलेली वायर) किंवा सीटखालचा ढिला कनेक्टर असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक दिव्याचं खापर अर्थवर फोडणं हाही आळसच आहे.

सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर चालतो. कमाल-किमान आकडा धरून ठेवणारा असेल तर उत्तम. त्याला मगरदाती क्लिप आणि दोन-तीन मीटरची एक जादा वायर. १० आणि १२ नंबरचा पाना, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पेट्रोलियम जेली, चांगल्या प्रतीची जंपर केबल. फोनला जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषकोड वाचणारा) असला तर बरं. स्वस्त स्कॅनर इंजिनचे कोड वाचतात पण एबीएस आणि एअरबॅगचे बहुधा वाचत नाहीत, तेवढं धरून चाला.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरींना आणि कोणत्याही गाडीतल्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मल्टिमीटर लावायचा नाही. कधीच नाही.

पायरी १: कोड लिहून घ्या, पुसू नका

गॅरेजमध्ये पहिलं काम कोड पुसण्याचं होतं आणि तिथेच पुरावा जातो. आधी सगळ्या कोडांचा फोटो काढा. पी ०५६२ म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी. यू ०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू ०१२१ म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलशी, यू ०१५१ म्हणजे एअरबॅगच्या मॉड्यूलशी. पी ०६४१ म्हणजे सेन्सरांना जाणाऱ्या संदर्भ व्होल्टेजमध्ये गडबड. यांतले दोन-तीन एकत्र दिसले तर पुरवठा आणि अर्थ या दोन्हींचा तपास आधी. स्कॅनर 'फ्रीझ फ्रेम' दाखवत असेल तर कोड पडला त्या क्षणी व्होल्टेज आणि वेग किती होता, तेही टिपून ठेवा.

पायरी २: बॅटरी आणि चार्जिंग

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, त्यामुळे आकडा मध्येच खाली-वर होतो. तेवढ्यावरून अल्टरनेटरला दोष देऊ नका. स्टार्टर मारताना बॅटरीच्या टोकांवरच ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. थकलेल्या बॅटरीवर अर्थ मोजत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ३: भार टाकून मोजा

हा या कामाचा गाभा, त्यामुळे इथे घाई नको.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, ओहमवर नको. ओहमवर मोजणं ही या क्षेत्रातली सर्वात लोकप्रिय फसगत आहे. वीस तारांच्या वायरीतली एक तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो, कारण तो स्वतः अगदी किरकोळ करंट सोडतो. शिवाय त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरतो, आणि आपण शोधतोय तो दोष त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान.

काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर लावा. खुंटी म्हणजे शिशाचा गोल भाग, त्यावर आवळलेला टर्मिनल नव्हे. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा गंज नसलेल्या जागी, शक्यतो अल्टरनेटरच्या अंगावर. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, बाह्या वर, हात पंख्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. आता घरच्या कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि आकडा पाहा.

स्टार्टर फिरत असताना ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेला तर इंजिनचा अर्थ खराब. एक व्होल्ट दिसला तर पट्टी तुटायच्या बेतात आहे.

मग इंजिन चालू ठेवून हाय बीम, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा डीफॉगर, एसी, सगळं लावा. आता लाल पिन बॉडीच्या पत्र्यावर, स्ट्रट टॉवरच्या (पुढच्या चाकाचं सस्पेंशन वर जिथे बसतं त्या भागाच्या) एखाद्या साफ बोल्टवर. इथे ०.१ च्या खाली हवं. नंतर जादा वायर लावून लाल पिन आत न्या आणि इसीएम, एबीएस, मीटर यांच्या अर्थ बोल्टवर मोजा. इलेक्ट्रॉनिक युनिटांच्या अर्थवर मी ०.०५ व्होल्टच्या वर गेलेला आकडा सोडून देत नाही.

आकडा जास्त आला की रस्त्याचे तुकडे पाडा. खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी), थिंबल ते बोल्ट, बोल्ट ते पत्रा. एकेक तुकडा मोजा. ज्या तुकड्यात सगळ्यात जास्त व्होल्ट पडतात, दोष तिथे. खुंटी आणि टर्मिनल यांच्यातच ०.३ सापडले तर बाकी काहीही न उघडता काम पाच मिनिटांत संपतं, आणि असं पुष्कळदा होतं.

कनेक्टरच्या आतल्या पिनेवर मोजायचं झालं तर मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवा. वायरीचं आवरण टोचून मोजू नका. तेच भोक पुढच्या पावसाळ्यात पाणी आत घेतं आणि तांबं आतून हिरवं पडतं.

पायरी ४: जंपर लावून खात्री

संशय बळावला की जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला लावा. पॉझिटिव्हच्या जवळपास फिरकू नका. पुन्हा तोच भार, तीच मोजणी. आकडा धाडकन उतरला, दिवे शांत झाले, स्टार्टरचा सूर बदलला, तर निदान पक्कं. काहीच फरक पडला नाही, तर पुरवठ्याची बाजूही तशीच मोजा: गाडी चालू आणि भार लावलेला असताना अल्टरनेटरच्या जाड वायरीपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत. पॉझिटिव्ह टर्मिनलवरच्या मुख्य फ्यूजचे नटही ढिले सापडतात.

मधूनमधून येणाऱ्या दोषासाठी मल्टिमीटर जोडलेला ठेवून वायरिंगचा एकेक झुपका हलवा, बोल्टावर पान्याच्या मुठीने हलकेच ठोका आणि आकडा उडतोय का पाहा.

बोल्ट शोधायचे कुठे

बोनेटखाली: बॅटरी ट्रेच्या खाली आणि शेजारी, दोन्ही हेडलाइटच्या मागे, गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, एबीएस युनिटजवळच्या पत्र्यावर. आत: ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या पायाशी बाजूच्या पॅनेलमागे, गिअर लिव्हरच्या कन्सोलखाली, सीटखाली. मागे: डिकीच्या अस्तरामागे, टेल लॅम्पच्या जवळ. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या जागांचे नकाशे असतात. आपल्या मॉडेलचा मिळाला तर अर्धं काम झालं.

पाण्यात गेलेल्या गाडीत कार्पेट उचलल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिक पट्टी काढली, कार्पेट मागे घेतलं की खालचा फोमचा थर दिसतो. वरून कोरडा, आणि दाबला की बोटं ओली. त्याखाली बारीक गाळाची करडी साय बसलेली असते. तिथला अर्थ बोल्ट वरून चकचकीत दिसेल, पण उघडल्यावर थिंबलची खालची बाजू पांढुरकी-हिरवी आणि पत्र्यावर तपकिरी गंजाचं कडं. दोन-तीन थिंबलं एकावर एक बसवलेली असतील तर मधलं सगळ्यात वाईट. वायर जिथे थिंबलमध्ये शिरते तिथे वाकवून पाहा; लवचीक वायर त्या बोटभर भागात कडक आणि करकरीत लागली, तर तांबं आतून खाल्लं गेलंय आणि नुसतं घासून भागणार नाही.

नदीचं हे पाणी गटारं आणि गाळ घेऊन येतं. दोन वेगळ्या धातूंच्या फटीत ते अडकलं की करंटच्या सोबतीने गंज चालूच राहतो. दोष महिन्यांनी वर येतो तो यामुळे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी सीटच्या रुळांवरचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर तळाशी दिसणारी चिखलाची रेघ पाहावी. पॉलिश केलेल्या डॅशबोर्डपेक्षा तिथे जास्त खरं कळतं.

दुरुस्ती

चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा आणि निदान दहा मिनिटं थांबा, म्हणजे एअरबॅगच्या युनिटमध्ये साठलेली वीज उतरते. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला, सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू ब्रशने उजळा.

अर्थ बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता आवळून बंद करण्यात काही हशील नाही. थिंबलच्या दोन्ही बाजू, पत्र्याची जागा आणि बोल्टाचा खालचा भाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, क्लीनर मारा, वाळू द्या. दातेरी वॉशर असेल तर नवा घाला. लहान ६ मिलिमीटरच्या बोल्टाला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावून पत्र्यातली वेल्ड केलेली नट फिरवून ठेवली तर पाच मिनिटांचं काम दिवसाचं होतं. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात आणि उघड्या पडलेल्या पत्र्याच्या कडेला थोडा रंग. रंग आधी मारून वर थिंबल बसवू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण डेंटिंग-पेंटिंगहून आलेल्या गाड्यांत नेमकं हेच सापडतं.

वायर खाल्ली गेली असेल तर खराब भाग कापून नवं थिंबल चांगल्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबा आणि वर हीट-श्रिंक चढवा. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल इंजिनच्या थरथरीने पुन्हा ढिलं होतं. इंजिनची पट्टी बदलताना मूळच्याइतकी किंवा जास्त जाड घ्या, लहान गाडीला १६ ते २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, आणि इंजिन हलतं म्हणून तिला थोडी ढील ठेवा.

स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा डबा असतो, बॅटरी सेन्सर. जादा अर्थ वायर किंवा अ‍ॅक्सेसरीचा निगेटिव्ह थेट खुंटीवर लावलात तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं. अशा गाडीत नवी वायर बॉडीच्या अर्थ बोल्टवर घ्या. एअरबॅगच्या अर्थ बोल्टवर मात्र दुसरं काहीही लावू नका.

सीएनजी किट आणि बाहेरची जोडणी

बडोद्यात सीएनजी गाडी ही रोजची गोष्ट आहे, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये स्वतःचा इसीयू (संगणक), गॅस इंजेक्टर, प्रेशर सेन्सर अशी अख्खी दुसरी यंत्रणा असते. तिचा निगेटिव्ह हाताशी लागेल त्या स्क्रूला दिलेला असला तर भेसळ गाडीच्या मूळ रीडिंगमध्येही जाते. एक सोपी चाचणी: दोनेक दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. चेक इंजिन गॅसवरच लागत असेल तर किटची वायरिंग आणि ट्यूनिंग दोन्ही पाहा. दोन्ही इंधनांवर लागत असेल तर गाडीच्या मूळ अर्थकडे वळा. किटचा निगेटिव्ह किट बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागीच हवा. गॅसच्या नळ्या, रेग्युलेटर आणि सिलिंडरला स्वतः हात लावू नका, ते अधिकृत माणसाचं काम.

डॅशकॅम, जादा हॉर्न, फॉगलाइट, अँप्लिफायर यांची वायर कुठून घेतलीय तेही एकदा पाहून ठेवा. दोष या सामानानंतर सुरू झाला असेल तर आधी ते सगळं सोडून गाडी दोन दिवस चालवा. फुकटची आणि बिनचूक चाचणी आहे.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांच्यासाठी. "साहेब, एबीएसनुं युनिट गयुं छे," असं ऐकायला मिळालं की वाद घालू नका. "पहेलां लोड पर अर्थ मापी आपो ने, भाई" (आधी भार टाकून अर्थ मोजून द्या ना), एवढंच म्हणा आणि मोजताना शेजारी उभे राहा. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन या वाक्याने खूश होतो. जो ओहमवर एकदा मोजून 'अर्थ बराबर छे' म्हणतो, त्याला भार टाकून पुन्हा मोजायची विनंती करा. नवं युनिट घ्यायचंच ठरलं, तर आधी युनिटच्या कनेक्टरवर भार असताना पुरवठा किती आणि अर्थमध्ये किती व्होल्ट पडतात, हे दोन आकडे बिलावर लिहून मागा. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग स्वतः कापू नका. मोजलेल्या आकड्यांचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

काम झाल्यावर

बॅटरी सोडल्यामुळे काही गोष्टी विसरल्या जातात. काचेचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, म्युझिक सिस्टिम कोड मागू शकते, आयडलिंग थोडा वेळ वर-खाली होतं. स्टिअरिंगचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा राहिला तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा अँगल सेन्सर यानेच जागेवर येतो.

मग कोड पुसा आणि गाडी घेऊन हालोलपर्यंत जाऊन या. एबीएसची अंतर्गत तपासणी चाकं फिरू लागल्यावरच पूर्ण होते आणि चेक इंजिनच्या काही चाचण्यांना स्थिर वेगाचा लांब पट्टा लागतो, त्यामुळे सोसायटीतल्या दोन फेऱ्यांवरून निकाल लावू नका. परत आल्यावर पुन्हा स्कॅन करा. प्रलंबित कोडही रिकामे दिसले पाहिजेत. पायरी ३ चे आकडे तारखेसह सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहा, आणि पावसाळा सरला की नवरात्रीच्या सुमारास तेच बोल्ट, त्याच भाराने, एकदा परत मोजा. आकडा दुप्पट झालेला दिसला तर दिवा लागायची वाट न पाहता तो बोल्ट उघडा.